भिंतींतील अलिखित दप्तर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी, पत्रें आणि नाणीं एवढींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. कै. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून जुन्या घरांतील दप्तरें धुंडाळलीं आणि १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून जुना कागद दिसला तर तो वाण्याच्या पुड्यांस न देतां जपून ठेवावा, इतकी जाणीव तरी सुशिक्षित महाराष्ट्रीयांत रुजली. परंतु ज्या घराच्या माळ्यावर असलें दप्तर सांपडावयाचें, त्याच घराच्या भिंतींतून आणि तुळयांवरून दुसरेंहि एक दप्तर गेलेलें असतें. तें कोणी लिहिलें हें कोणास ठाऊक नसतें; त्यावर तारीख नसते; तें एका हातचें नसून तीन-चार पिढ्यांच्या कारागिरांनीं त्यांत भर घातलेली असते. कागदाचा अर्थ चुकीचा लावला तर टीकाकार चार शब्द बोलतात. या दप्तराचा अर्थ चुकीचा लावणारास मात्र प्राणास मुकावें लागण्याचा संभव असतो. हें दप्तर म्हणजे जुन्या घरांतील विजेच्या तारा होत.

न्हाणीघरांतील गंजलेला दिवा काढून त्या जागीं नवा बसवावयाचा, हें काम वरकरणीं इतकें क्षुल्लक आहे कीं त्यावर निबंध लिहावा असें कोणास वाटणार नाहीं. विजेचें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेतलें पाहिजे असें बंधन घालणाऱ्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांनींहि दिवे, पंखे, फ्यूज व बटणें यांची नुसती अदलाबदल त्या बंधनांतून वगळली होती. तथापि जुन्या इमारतींत दिव्याचें बूड उतरून पाहावें, तों आंतून अपेक्षित दोन तारांऐवजीं चार-पांच तारांचीं टोंकें बाहेर पडतात. त्यांतील कांहींचा रंग ओळखूं येतो, कांहींचा येत नाहीं. कांहीं एकमेकींस पिळून बांधलेल्या असतात आणि त्यांचा दिव्याशीं संबंधच दिसत नाहीं. नव्या दिव्याबरोबर आलेल्या कागदावर तर तीनच तारा दाखविलेल्या असतात आणि त्यांचे रंग भिंतींतील रंगांशीं जुळत नाहींत. अशा वेळीं जो प्रश्न उभा राहतो तो मूलतः इतिहासाचा आहे. समोरची तार काय सांगते हें विचारण्यापूर्वीं ती कोणत्या काळची आहे हें विचारावें लागतें. हा प्रश्न कसा निर्माण झाला आणि त्याचें उत्तर कसें काढावें, याचा येथें थोडा विचार करूं.

विजेचा दिवा माणसाच्या घरांत शिरला त्यास अजून दीडशें वर्षेंहि झालीं नाहींत. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थम्बरलंड परगण्यांत विल्यम आर्मस्ट्राँग या मोठ्या कारखानदाराचा क्रॅगसाइड नांवाचा वाडा आहे. तेथें पाण्याच्या ओघावर यंत्र फिरवून त्यानें १८७८ सालीं आपल्या चित्रदालनांत विजेचा दिवा लावला आणि १८८० सालीं जोसेफ स्वान यांनीं सिद्ध केलेले कांचेच्या फुग्यांतील दिवे बसविले. त्याच्या ग्रंथालयांतील दिव्यांची रचना मोठी चमत्कारिक होती. मिनेकाम केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर ते दिवे बसविले होते आणि प्रवाहाच्या परतीचा मार्ग म्हणून फुलदाणीच्या धातूचाच उपयोग केला होता. दुसरी तार फुलदाणीच्या आंतून खालीं पाऱ्यांत उतरत असे. फुलदाणी जागेवर ठेवली म्हणजे दिवा लागे आणि उचलली म्हणजे मालवे. ज्या धातूस पाहुण्यांनीं हात लावावयाचा त्याच धातूंतून प्रवाह खेळवावयाचा, ही कल्पना आज ऐकूनहि आपल्या अंगावर कांटा येतो. परंतु त्या काळच्या बुद्धिमान् माणसांस विजेची भीति वाटत होती ती वेगळ्याच कारणासाठीं. त्यांस भीति होती ती आगीची.

लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर आणि न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर १८८२ सालीं एडिसनचीं वीजगृहें सुरू झालीं. त्याच वर्षीं लंडन येथील तारयंत्र-विशारदांच्या संस्थेनें विजेच्या दिव्यांसंबंधीं पहिले नियम प्रसिद्ध केले. त्या नियमांचें नांवच आगीच्या धोक्याचें निवारण करण्याचे नियम असें होतें. आज ब्रिटनमध्यें जे तारजोडणीचे नियम चालतात ते त्याच नियमांचे वंशज होत. अमेरिकेंतील अशाच प्रकारची राष्ट्रीय संहिता १८९७ सालची असून तिचें पालनपोषण बराच काळ आगीच्या विमेदारांनीं केलें. जी पिढी गॅसच्या ज्योतींत आणि घासलेटच्या दिव्यांत वाढली, तिला दिवा म्हटला कीं प्रथम आग आठवावी हें स्वाभाविकच होतें. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा विचार या नियमांत पुढें सावकाश आला. जुन्या तारजोडणींत आपणांस जें विचित्र दिसतें त्यांतील पुष्कळ भाग या एका गोष्टीनें उलगडतो. त्या कारागिरांस अक्कल नव्हती असें नव्हे. त्यांची सावधगिरी दुसऱ्या शत्रूकडे तोंड करून उभी होती.

आपल्याकडे वीज आली ती इंग्रजी माल, इंग्रजी मापें आणि इंग्रजी नियम बरोबर घेऊनच. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत १८८२ सालींच विजेचे दिवे लागले होते. परंतु ज्या कंपनीशीं म्युनिसिपालिटीनें करार केला होता ती दुसऱ्याच वर्षीं बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसच्या उजेडावर आला. दार्जिलिंगास १८९७ सालीं पाण्याच्या विजेचे दिवे लागले आणि १८९९ सालीं कलकत्त्यास सार्वजनिक पुरवठा सुरू झाला. मुंबईस वीज आणि ट्राम यांचा व्यवहार एकाच कंपनीकडे होता. ती १९०५ सालीं स्थापन झाली आणि १९०७ सालीं तिची पहिली विजेची ट्राम धांवली. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील वीजगृहांतून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईस येऊं लागली. गिरण्यांमागून हळूहळू मध्यमवर्गाच्या बिऱ्हाडांतहि ती पोंचली. पण पोंचली ती दिवाणखान्यांत, माजघरांत, जिन्यावर. न्हाणीघराचा क्रमांक शेवटीं. बंबाच्या विस्तवाचा उजेड आणि कोनाड्यांतली चिमणी एवढ्यावर तेथें पुष्कळ वर्षें भागत असे. म्हणून जुन्या घरांत न्हाणीघराचा दिवा बहुधा मागाहून जोडलेला, शेजारच्या बोळाच्या नाहीं तर स्वयंपाकघराच्या दिव्यावरून ओढलेला असतो. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिचा उपयोग होईल.

आतां तारांचें वय कसें ओळखावें तें पाहूं. जुन्या कागदाचा काळ ठरवितांना आपण कागदाची जात, शाईचा रंग, मोडीचें वळण यांकडे पाहतों. तारांच्या बाबतींतहि असेंच आहे. सर्वांत जुना थर लाकडी पट्ट्यांचा. सागवानी पट्टीस दोन खोबणी पाडून त्यांत दोन तारा वेगवेगळ्या बसवीत आणि वरून दुसरी पट्टी स्क्रूनें आवळीत; यास केसिंग-कॅपिंग असें म्हणत. गरिबीच्या ठिकाणीं नुसत्या चिनी मातीच्या चिमट्यांत तारा धरून त्या उघड्याच नेत. या काळच्या तारेवर गंधक मिसळून पक्कें केलेल्या रबराचें आवरण असे आणि त्यावर सुताची वीण असे. रबरांतील गंधकानें तांबें काळें पडतें, म्हणून तांब्याच्या तारेस कथिलाची कल्हई केलेली असे. तारेचें टोंक किंचित् खरवडल्यावर वरून रुपेरी आणि आंतून तांबूस दिसलें, म्हणजे आपण रबराच्या युगांत आहों असें खुशाल समजावें.

दुसरा थर बॅटनचा. टणक रबराचें एकच जाड आवरण असलेल्या जोडतारा अरुंद सागवानी पट्टीवर पत्र्याच्या लहान लहान चापांनीं दाबून बसवीत. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत ही पद्धति आजहि पुष्कळ ठिकाणीं भिंतीवर दिसते आणि रंग देणाऱ्यांनीं तिच्यावर चुन्याचे इतके हात दिलेले असतात कीं पट्टी कोणती आणि भिंत कोणती हें कळूं नये. तिसरा थर प्लॅस्टिकच्या, म्हणजे पी. व्ही. सी.च्या आवरणाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर रबर मागें पडत गेलें आणि हें आवरण सर्वत्र रूढ झालें. यास कल्हईची गरज नसल्यामुळें तार उघडी तांबडी दिसते. आपल्याकडे या थरांत आणखी एक खूण सांपडते. परदेशांतून तांबें आणण्यास पैसा पुरेना, म्हणून १९६० नंतरच्या दशकांत घरांच्या तारजोडणींतहि ॲल्युमिनियमचा प्रसार झाला. ही तार पांढुरकी आणि मऊ असते व दोन-चारदां वाकविली कीं तुटते. तिच्या अंगावर जो गंज धरतो तो वीज वाहून नेत नाहीं आणि स्क्रूखालीं ती हळूहळू चेपून सैल होते. रुपेरी रंगामुळें कल्हईच्या तांब्याशीं तिची गल्लत होण्याचा संभव असतो. पण खरवडून पाहिलें म्हणजे ॲल्युमिनियम आंतूनहि पांढरेंच निघतें. शेवटचा थर भिंतींत पुरलेल्या नळ्यांचा. तेथें तर तार कोठून येते आणि कोठें जाते हें डोळ्यांनीं पाहण्याची सोयच राहिली नाहीं.

मापांवरूनहि काळ कळतो. पूर्वीं तारेची जाडी इंग्रजी गेजमध्यें सांगत आणि '३/२२', '७/२२' असें लिहीत. म्हणजे २२ नंबरच्या तीन किंवा सात तारा एकत्र पिळलेल्या. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धति आली आणि तारा चौरस मिलिमीटरांत मोजल्या जाऊं लागल्या. परंतु बाजाराची जीभ कायद्याइतक्या लवकर वळत नाहीं. जुन्या वायरमनांच्या तोंडीं गेजचे आंकडे पुढेंहि बरींच वर्षें राहिले.

एवढ्यानें तारेचें वय कळलें. अर्थ अद्याप कळावयाचा आहे. तो रंगावरून कळतो अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि घात होतो तो येथेंच. मराठी कागदपत्रांचा ज्यांना परिचय आहे त्यांस ठाऊक आहे कीं नुसता सनाचा आंकडा वाचून कागदाचें वर्ष ठरत नाहीं. तो शुहूर सन कीं फसली, शालिवाहन शक कीं राज्याभिषेक शक, हें आधीं ठरवावें लागतें. एकच आंकडा शुहूर समजला तर एक वर्ष निघतें आणि फसली समजला तर सुमारें नऊ वर्षें अलीकडे-पलीकडे जातात. तारांच्या रंगांचेंहि असेंच आहे. आपल्याकडे चालत आलेली रीत इंग्रजी वळणाची: लाल, पिवळी व निळी या तीन फेजच्या, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थची. फेजमधून वीज घरांत येते, न्यूट्रलमधून ती परत जाते आणि अर्थची तार बिघाडाच्या वेळीं प्रवाहास जमिनीची वाट दाखविते, एवढें येथें सांगितलें म्हणजे पुरे. पण अमेरिकेंत काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. जर्मनींत १९६५ पूर्वींच्या कित्येक घरांत लाल तार अर्थची असे! इंग्लंडांत जी तार स्पर्शास प्राणघातक तीच जर्मनींत प्राणरक्षक, असा हा प्रकार होता. एका देशांतील उपकरण दुसऱ्या देशांत गेलें कीं केवढा अनर्थ व्हावा! म्हणूनच पुढें युरोपीय देशांनीं मिळून अर्थसाठीं हिरवा-पिवळा पट्टा ठरविला. तो रंग पूर्वीं दुसऱ्या कोणत्याहि कामास लावलेला नव्हता.

या एकवाक्यतेनें नवा घोटाळा निर्माण झाला तो असा. ब्रिटननें उपकरणांच्या लवचिक तारांसाठीं १९७० पासून तपकिरी फेज व निळी न्यूट्रल हे रंग घेतले. परंतु भिंतींतील तारांना ते रंग २००४ सालीं लागू केले आणि २००६ पासून सक्तीचे केले. नव्या पद्धतींत निळी न्यूट्रल आहे आणि काळी ही तीनांपैकीं एक फेज आहे. जुन्या पद्धतींत निळी ही एक फेज होती आणि काळी न्यूट्रल. म्हणजे दोन रंगांनीं आपापले धर्म बदलून घेतले आणि दोन्ही पिढ्यांच्या तारा एकाच घराच्या भिंतींत शेजारीं शेजारीं राहिल्या. आपल्या घरींहि हें घडतें. भिंतींतील काळी-लाल जोडी जुन्या रिवाजाची आणि नव्या दिव्यांतून लोंबणारी निळी-तपकिरी जोडी नव्या रिवाजाची. ज्यानें फक्त रंगास रंग जुळविण्याचें व्रत घेतलें आहे, त्यास येथें हात टेंकावे लागतात.

पण रंगांचे नियम पाळूनहि रंग फसवितो, हें त्याहून महत्त्वाचें आहे. यासाठीं एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतों. दादर भागांतील एका जुन्या इमारतींत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं न्हाणीघरांतील दिवा बदलावयाचा होता. काम करणारा वायरमन साठीच्या घरांतला, अनुभवी. त्यानें प्रथम घराचा मुख्य खटका बंद केला, दिवा उतरविला, आणि लाकडी गोल ठोकळ्यामागून बाहेर आलेल्या तारांस हात घालण्यापूर्वीं प्रत्येकीस दोऱ्याच्या गांठी मारल्या. पहिलीस एक, दुसरीस दोन, याप्रमाणें. तारा पांच होत्या: दोन लाल आणि तीन काळ्या. दोन्ही लाल एकमेकींस पिळून जुन्या कापडी पट्टीनें गुंडाळलेल्या, दिव्यास न जोडलेल्या. काळ्यांपैकीं दोन मिळून दिव्याच्या एका बाजूस आणि तिसरी एकटी दुसऱ्या बाजूस. स्नेह्यांचें म्हणणें, लाल ती फेज आणि काळी ती न्यूट्रल. तर मग लालचा दिव्याशीं संबंध नाहीं आणि दोन्ही बाजूंस काळीच, हें कसें? वायरमन म्हणाला, "काका, काळ्या रंगावर जाऊं नका. यांतली एक बटणाकडून परत आलेली आहे. तिला न्यूट्रल समजाल तर फसाल."

त्याचें म्हणणें शब्दशः खरें होतें आणि त्याचें कारण विजेच्या शास्त्रांत नसून बाजाराच्या इतिहासांत आहे. बॅटनच्या काळांत जोडतार मिळे ती एक लाल व एक काळी अशीच. मुख्य पेटीकडून एक जोड छतापर्यंत आली. तिची लाल फेज, काळी न्यूट्रल. छताकडून खालीं बटणापर्यंत दुसरी जोड नेली. तिच्या लालमधून फेज बटणाकडे जाते आणि बटण दाबल्यावर तीच फेज काळ्या तारेंतून परत वर दिव्याकडे येते. या परतीच्या तारेस खरें म्हणजे लाल रंग हवा. पण दोन लाल तारांची जोड बाजारांत कोण देणार? जी जोड हातीं होती ती वापरली. म्हणजे त्या तारेचा काळा रंग तिचा धर्म सांगत नाहीं. त्या काळीं दुकानांत कोणता माल मिळत होता एवढेंच सांगतो. तीन काळ्या तारा एकत्र आवळून टाकणारा माणूस बटण दाबतांच फेज व न्यूट्रल यांची थेट गांठ घालतो आणि फ्यूज उडतो. अमेरिकेंतील घरांत हाच प्रकार पांढऱ्या तारेच्या बाबतींत झालेला आहे.

राहिली पांचवी तार. ती न्हाणीघरावरून पुढें बोळांतील दिव्याकडे गेली होती. या दोन दिव्यांचीं बटणें एकाच पाटीवर असल्यामुळें फेज तेथें आधींच पोंचलेली होती; न्यूट्रल तेवढी न्हाणीघराच्या छतावरून पुढें ओढली होती. या तारेंत जो धोका आहे तो रंगाच्या घोटाळ्याहूनहि सूक्ष्म आहे. दिवा उतरवितांना या दोन काळ्या तारा सुट्या झाल्या कीं बोळांतील दिव्याची परतीची वाट तुटते. तो दिवा मालवतो. पाहणारास वाटतें कीं तेथें आतां वीज नाहीं. परंतु त्याचें बटण चालू असेल, तर फेज त्या दिव्याच्या तंतूंतून पार होऊन या तुटलेल्या काळ्या तारेच्या टोंकापर्यंत येऊन थांबते आणि वाट पाहत राहते. कोणाची? ओल्या जमिनीवर उभें राहून त्या टोंकास स्पर्श करणाराची. न्यूट्रल म्हणून ओळखलेली, काळ्या रंगाची, खरोखरच न्यूट्रलचें काम करणारी तार केवळ तुटल्यामुळें फेज होते. वायरमननें हें दाखवूनहि दिलें. तारा एकमेकींपासून दूर धरून, लाल तारांची गांठ कायम ठेवून त्यानें खटका चालू केला आणि मुख्य पेटीकडून आलेल्या न्यूट्रलशीं बाकीच्या काळ्या तारा एक एक करून चांचणीच्या दिव्यानें पाहिल्या. न्हाणीघराचें बटण दाबतांच एका तारेवर तो दिवा लख्ख पेटला. बोळाचें बटण दाबतांच दुसऱ्या तारेवर तो मंद पेटला; कारण बोळांतला साधा बल्ब आणि चांचणीचा बल्ब एकामागून एक असे जोडले गेले होते. प्रकाशाच्या त्या मंदपणानेंच तारेची ओळख पटली. खिशांतल्या टेस्टरनें दोन्ही ठिकाणीं 'वीज आहे' एवढेंच सांगितलें असतें; क्वचित् शेजारच्या तारेच्या प्रभावानें तो निर्जीव तारेवरहि मिणमिणतो. साक्षीदार एकच असला म्हणजे असें होतें.

याच्या जोडीला आणखी दोन जुन्या सवयी ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. पूर्वीं फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर फ्यूज बसवीत. आरंभींच्या पुरवठ्याचा विचार करतां त्यांत तथ्य होतें; एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहाच्या तीन-तारी पद्धतींत एका घरास धन बाजूची तार मिळे तर दुसऱ्यास ऋण बाजूची. परंतु पद्धति बदलल्यावरहि सवय राहिली, आणि न्यूट्रलचा फ्यूज उडाला म्हणजे घर अंधारांत पण तारा भारलेल्या अशी स्थिति होऊं लागली. दुसरी सवय म्हणजे बटण कोणत्या तारेंत बसवावें याविषयींची बेपर्वाई. न्यूट्रलमध्यें बसविलेल्या बटणानेंहि दिवा मालवतो. परंतु मालवलेल्या दिव्याच्या होल्डरांत फेज तशीच राहते. दिवा मालवला म्हणजे वीज गेली, हें अनुमान या दोन्ही ठिकाणीं खोटें ठरतें.

आगीपुरता विचार करणाऱ्या पिढीनें मागें ठेवलेली सर्वांत मोठी उणीव मात्र रंगाची नव्हे, ती अभावाची आहे. जुन्या न्हाणीघराच्या दिव्यापाशीं अर्थची तारच नसते. ब्रिटिश नियमांतदेखील दिव्यांच्या तारांबरोबर अर्थची तार असलीच पाहिजे, हा दंडक १९६६ च्या आवृत्तीपासूनचा आहे. लाकडी ठोकळा, चिनी मातीचा होल्डर आणि छतावर उंच दिवा, अशी रचना होती तोंवर हें खपून गेलें. आज तेथें पत्र्याचें किंवा पितळेचें शोभिवंत बूड असलेला दिवा आरशावर, हाताच्या अंतरावर बसवितात; तेव्हां जुन्या दोन तारांवर त्याचें भागत नाहीं.

फ्यूज असतांना भय कशाचें, असा प्रश्न येथें कोणी विचारील. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनीं या प्रश्नाचें उत्तर प्रयोगांनीं दिलें. किती प्रवाह अंगांतून गेला असतां माणसास हातांतील तार सोडतां येत नाहीं, याचें मापन त्यांनीं केलें आणि १९६१ च्या सुमारास असें यंत्र सिद्ध केलें कीं गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांत सुमारें ५ मिलिअँपिअरचा फरक पडतांच तें वाट तोडतें. दिव्याचा फ्यूज साधारणतः ५ अँपिअरचा, म्हणजे याच्या हजारपट. माणसास मारण्यास लागणारा प्रवाह फ्यूजच्या हिशेबीं नगण्य असतो. फ्यूज घर वाचवितो, माणूस नव्हे. अमेरिकेच्या संहितेनें १९७५ सालीं न्हाणीघरांतील सॉकेटांसाठीं असलें यंत्र आवश्यक ठरविलें. आपल्याकडे घरांत बसवितात तें सामान्यतः ३० मिलिअँपिअरवर तुटणारें असतें. १८८२ च्या नियमांपासून येथपर्यंत यावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. जुन्या भिंतींतील तारा या प्रवासांत कोठें ना कोठें थांबलेल्या असतात, आणि त्या कोठें थांबल्या हें ओळखणें म्हणजेच त्या वाचणें होय.

तेव्हां या दप्तराच्या वाचनाचे नियम कोणते? ते कोणत्याहि साधनाच्या परीक्षणाचेच आहेत. मूळ स्थिति बिघडविण्यापूर्वीं तिची नोंद करावी. आज खिशांत छायाचित्राचें यंत्र सर्वांच्याच असतें, तेव्हां दिवा उतरवितांच पहिलें छायाचित्र घ्यावें आणि प्रत्येक तारेस खूण बांधावी. काळ ठरल्यावांचून अर्थ लावूं नये. रंग ही साक्ष आहे, पुरावा नव्हे. ती दुसऱ्या साक्षीनें पडताळून घ्यावी. घरांतील सर्व बटणें विचारांत घ्यावीं, कारण पानाचा अर्थ पुष्कळदां दुसऱ्या पानावर असतो. रबराचें आवरण हात लागतांच पिठासारखें गळूं लागलें, तर अर्थ लावीत न बसतां ती तार काढून नवी घालावी. वाळवीनें खाल्लेल्या कागदाचा मोह इतिहासकारानें धरावा, गृहस्थानें धरूं नये. आणि वीज चालू ठेवून करावयाची परीक्षा ज्याची विद्या आहे त्याच्यावरच सोंपवावी. ज्याला आपण 'वायरमन' म्हणून दाराशीं उभा करतों, त्याच्या ठायीं असलेली ही विवेचक बुद्धि आमच्या विद्यापीठांतील कित्येक पदवीधरांच्या ठायीं नसते, हें आम्हांस नमूद केलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्या हातची आहे. घर बांधतांना दगडविटांचा नकाशा आपण तिजोरींत जपतों. तारांचा नकाशा कोणी काढीत नाहीं, काढला तर ठेकेदाराबरोबर जातो. म्हणून प्रत्येक पिढीस तेंच संशोधन, तोच जीव धोक्यांत घालून, पुन्हा पहिल्यापासून करावें लागतें. नवा दिवा बसवून झाला कीं बटणांच्या पाटीच्या आंतल्या बाजूस चार ओळींचा कागद चिकटवावा: अमुक वर्षीं अमुक तार बदलली, अमुक रंगाची तार बटणाकडून परत येते, अमुक तार पुढें बोळाकडे जाते, अर्थ आहे किंवा नाहीं. परतीच्या काळ्या तारेवर लाल पट्टीचे दोन वेढे द्यावे. या कामास पांच मिनिटें लागतात. चाळीस वर्षांनीं तो दिवा काढण्यासाठीं शिडीवर जो कोणी चढेल, त्यास आपलें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं. त्याच्या हातीं तारेबरोबर चार खरे शब्द असले म्हणजे झालें.